वासाला नोकरी, कोर्सहोल्ममध्ये घर : पहिल्या वर्षात काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वासा शहरात वीज आणि इंजिनांच्या कंपन्यांची दाटी आहे. वार्टसिला, एबीबी, हिताची एनर्जी, डॅनफॉस ही त्यातली मोठी नावं. वार्टसिला तर खोपोलीच्या कारखान्यामुळे रायगडकरांच्या ओळखीचीच. इथे नोकरीला येणारे बरेच जण सुरुवातीला शहरातल्या फ्लॅटमध्ये राहतात आणि मुलं मोठी होऊ लागली, अंगणाची ओढ लागली की शहराबाहेर घर शोधू लागतात. शहर ओलांडलं की जवळजवळ सगळीकडे एकच पालिका लागते. तिचं स्वीडिश नाव कोर्सहोल्म, फिनिश नाव मुस्तासारी.

ही ग्रामीण पालिका आहे. शेतं, जंगल, बेटं आणि त्यात विखुरलेली गावं. वस्ती १९ हजारांच्या आसपास. १९७३ साली जुनं कोर्सहोल्म, क्वेवलाक्स, सोल्फ, रेप्लोट आणि ब्यॉर्कोबी एकत्र करून आजची पालिका झाली. दर दहा रहिवाशांमधले जवळपास सात जण घरी स्वीडिश बोलतात, उरलेल्यांत बहुतेक फिनिश. सबंध देशात स्वीडिश भाषक जेमतेम पाच टक्के आहेत, हे लक्षात घेतलं तर इथलं चित्र किती उलटं आहे ते कळेल. फिनलंडला जायचं म्हणून पुण्यात बसून सहा महिने फिनिशची उजळणी केलेला माणूस कोर्सहोल्मच्या स्मेड्सबी गावातल्या दुकानात शिरतो आणि आजूबाजूला वेगळीच भाषा ऐकतो.

म्हणून या लेखाचा क्रम नेहमीच्या ‘व्हिसा, घर, शाळा’ असा नाही. इथे येणाऱ्याने आधी भाषा ठरवावी, मग गाव, मग घर. क्रम उलटा झाला की दोन वर्षांनी मुलांची शाळा बदलायची वेळ येते, आणि ते मुलांना जड जातं.

१. आधी भाषा ठरवा

फिनलंडच्या भाषा कायद्यानुसार एखाद्या पालिकेत अल्पसंख्य राष्ट्रभाषा (फिनिश किंवा स्वीडिश) बोलणारे किमान आठ टक्के किंवा किमान ३,००० असले, तर ती पालिका द्विभाषिक ठरते. सरकार दर दहा वर्षांनी याचा आढावा घेतं. मुख्य भूमीवर अशा ३३ पालिका आहेत. कोर्सहोल्म त्यातलीच, फक्त इथे ‘अल्पसंख्य’ भाषा फिनिश आहे.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पालिकेची पत्रं, अर्ज, बालवाडी, शाळा, ग्रंथालय हे सगळं दोन्ही भाषांत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि कोणती भाषा घ्यायची हे तुम्ही ठरवायचं. इंग्रजीला असा हक्क नाही. कर्मचारी इंग्रजी चांगलं बोलतात आणि मनापासून मदत करतात, पण ती मदत आहे. मुलाच्या शाळेतून येणारी साप्ताहिक चिठ्ठी, रस्ता संघाच्या (खासगी रस्ता सांभाळणाऱ्या रहिवाशांच्या) सभेची सूचना, गावच्या फलकावरचा कागद, यातलं काहीच इंग्रजीत येत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. कोर्सहोल्ममध्ये राहायचं असेल तर स्वीडिश घ्या. शेजारी स्वीडिश बोलतात, मुलांचे सवंगडी स्वीडिश बोलतात, गावच्या संघटना स्वीडिशमध्ये चालतात. इंग्रजी येणाऱ्याला ती फिनिशपेक्षा लवकर हाती लागते, कारण स्वीडिश आणि इंग्रजी एकाच कुळातल्या. शिवाय नागरिकत्वासाठी लागणारी भाषेची अट फिनिश किंवा स्वीडिश, दोहोंपैकी कोणत्याही भाषेने पूर्ण होते. हे अनेकांना ठाऊकच नसतं. वायकेआय नावाची सरकारी परीक्षा असते, तिची मधली पातळी, म्हणजे तिसरी श्रेणी, स्वीडिशमध्ये मिळवली तरी ती तितकीच ग्राह्य. (नागरिकत्वाचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा की भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तो निर्णय घरच्यांशी बोलून, सावकाश घ्यावा.)

याला एक अपवाद आहे. चार-पाच वर्षांनी तांपेरे किंवा औलूसारख्या फिनिशभाषक शहरात जायचा बेत असेल, किंवा जोडीदाराचं काम पूर्ण फिनिशमध्ये चालणार असेल, तर फिनिश घ्या आणि स्मेड्सबीच्या आसपासच राहा. वासा शहरात फिनिश भाषकच जास्त आहेत, त्यामुळे त्या बाजूला फिनिश घेऊन निभतं. पण दोन्ही भाषा एकदम सुरू करू नका. एक बऱ्यापैकी बोलता येऊ लागली की दुसरी हाती घ्यावी.

२. निघण्यापूर्वी भारतातली कागदपत्रं

सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो जन्मदाखले आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावरून. इथल्या लोकसंख्या नोंदणीला तुमचं लग्न आणि तुमची मुलं यांचा पुरावा मूळ दाखल्याने द्यावा लागतो, आणि त्यावर अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का हवा. भारत अपोस्टिल करारात आहे. त्यामुळे दाखल्यावर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल एवढं पुरतं. हे काम तिथे असतानाच उरका. इथून कुरिअरने करायला गेलं की महिने जातात.

ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर नवा, मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेला काढून घ्या. नुसता मराठी दाखला अधिकृत भाषांतराशिवाय इथे चालत नाही.

नावांकडे बारकाईने बघा. पासपोर्टावर ‘सचिन रमेश’ एकत्र नावाच्या रकान्यात असेल तर इथल्या नोंदीत ‘रमेश’ हे तुमचंच दुसरं नाव होतं. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते बायकोच्या पासपोर्टावर माहेरचं नाव, विवाह दाखल्यावर सासरचं आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरंच स्पेलिंग असेल तेव्हा. मग तिन्ही एकाच बाईची आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. निघण्यापूर्वी सगळे दाखले एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि जिथे फरक असेल तिथे दाखला दुरुस्त करून घ्या. मुलांच्या लसीकरणाची पुस्तिका आणि शाळेचे निकालही सोबत ठेवा.

३. पहिले काही आठवडे

निवास परवाना मिग्री या स्थलांतर विभागाकडून मिळतो, तो बहुतेकांचा येण्याआधीच झालेला असतो. आल्यावर डीव्हीव्ही या लोकसंख्या नोंदणी कार्यालयात जायचं. तिथे तीन गोष्टी होतात : व्यक्तिगत ओळख क्रमांक (परवान्यासोबत मिळाला नसेल तर), पत्त्याची नोंद आणि ‘मूळ पालिके’ची, म्हणजे तुम्ही राहता त्या पालिकेची नोंद. ही तिसरी नोंद फार महत्त्वाची. सरकारी दवाखाना, बालवाडी, पुढे मतदान, सगळं तिच्यावर उभं आहे.

त्याच अर्जात मातृभाषेचा रकाना असतो. तिथे बिनधास्त ‘मराठी’ लिहा, ती अधिकृतपणे नोंदली जाते. पुढचा रकाना संपर्काच्या भाषेचा असतो आणि तिथे फिनिश किंवा स्वीडिश एवढेच पर्याय आहेत. पहिल्या पायरीवर ठरवलेली भाषा इथे लिहायची. कर विभागापासून इस्पितळापर्यंत सगळ्यांची पत्रं त्या भाषेत येऊ लागतात. रकाना रिकामा सोडू नका किंवा घाईत मागच्याने लिहिलं ते लिहू नका. नंतर बदलता येतो, पण तोवर चुकीच्या भाषेतल्या पत्रांचा गठ्ठा साचलेला असतो.

कर कार्ड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा कागद, लगेच काढा. ते मालकाकडे पोचलं नाही तर पगारातून ६० टक्के कर कापला जातो. जास्तीचा परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात हातात काही उरत नाही.

बँक खातं उघडताना नुसतं खातं मागू नका, ऑनलाइन ओळख पटवण्याची सोयही मागा. इथे दवाखान्याची नोंद, शाळेचा अर्ज, कर, वीज, सगळीकडे बँकेच्या त्याच ओळखीने शिरायचं असतं. ती हाती येईपर्यंत प्रत्येक काम प्रत्यक्ष जाऊन करावं लागतं. बँकेची भेट आधीच ठरवा आणि नोकरीचा करार सोबत न्या.

घर बदललं की आठवड्याच्या आत पत्ता कळवायचा असतो. महिनाभर आधीही कळवता येतो.

जोडीदाराबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे नोकरी बहुधा एकाची असते आणि दुसरं माणूस घरात अडकतं. १ जानेवारी २०२५ पासून रोजगार सेवा आणि नवागतांना स्थिरावायला मदत करण्याचं काम पालिकांकडे आलं आहे. जोडीदाराने काम शोधणारी व्यक्ती म्हणून नोंदणी करावी आणि स्थिरीकरण प्रशिक्षण मागावं. त्यात भाषेचे पूर्णवेळ वर्ग असतात. मागताना ‘स्वीडिशमध्ये’ हे शब्द स्पष्ट उच्चारा. देशभर फिनिशचे वर्ग जास्त असल्यामुळे काही न सांगणाऱ्याला तिकडे पाठवलं जाण्याची शक्यता असते. नोकरी करणाऱ्याने कोर्सहोल्मच्या प्रौढ शिक्षण संस्थेचे किंवा वासाच्या आर्बिस या तशाच स्वीडिश संस्थेचे संध्याकाळचे वर्ग घ्यावेत. शुल्क परवडणारं असतं आणि वर्गात गावातली माणसं भेटतात.

घरी रेडिओवर युले या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं स्थानिक स्वीडिश केंद्र लावून ठेवा आणि वासाब्लादेत हे वर्तमानपत्र चाळत जा. ते १८५६ पासून निघतंय आणि त्यात कुठल्या गावात काय चाललंय ते सगळं असतं. फिनलंडची स्वीडिश कानाला सुटसुटीत वाटते, स्वीडनमधल्यासारखे सुरांचे हेलकावे तिच्यात नाहीत. गावबोली मात्र वेगळीच असते. सोल्फची आणि रेप्लोटचीही एकमेकींहून निराळी. शेजारच्या आजोबांचं बोलणं कळलं नाही तर सरळ सांगावं. ते आनंदाने प्रमाण बोलीवर येतात.

४. गाव निवडताना

इथल्या पाटीवर दोन नावं असतात, वर स्वीडिश आणि खाली फिनिश. स्मेड्सबी म्हणजेच सेपॅनक्यूला, क्वेवलाक्स म्हणजे कोइवुलाहती, सोल्फ म्हणजे सुल्वा, रेप्लोट म्हणजे राइप्पालुओतो. घराच्या जाहिराती आणि बसचं वेळापत्रक कधी एका नावाने असतं तर कधी दुसऱ्या. आपल्या गावाची आणि आपल्या रस्त्याची दोन्ही नावं पाठ करा. ११२ वर फोन करायची वेळ आली तर ती तोंडावर हवीत.

स्मेड्सबी हे पालिकेचं मुख्य ठिकाण आणि वासाला अगदी लागून. सायकलने कामावर जाता येतं, दुकानं, ग्रंथालय, मोठ्या मुलांची शाळा सगळं जवळ. गाडी नसलेल्यांनी आणि पहिल्या हिवाळ्याचा अंदाज नसलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी. क्वेवलाक्स महामार्ग आठवर ईशान्येला आहे. तिथे शाळा आहे, वस्ती नांदती आहे आणि रस्ता सरळ असल्यामुळे गाडीने शहर फार लांब वाटत नाही. सोल्फ दक्षिणेला, जुन्या लाकडी घरांचं देखणं गाव. तिथल्या स्टुंडार्स या खुल्या संग्रहालयात जुन्या कारागिरांची घरं आणि कार्यशाळा जपल्या आहेत. मुलांना घेऊन जा, खेड्यातलं जुनं जगणं एका दुपारी समजतं.

रेप्लोट आणि ब्यॉर्कोबी ही बेटं. १९९७ साली १,०४५ मीटर लांबीचा पूल झाला, त्याआधी माणसं फेरीबोटीने ये-जा करत. तिथलं सौंदर्य वेड लावणारं आहे. पण बस मोजक्या, दुकान लांब आणि नोव्हेंबरच्या संध्याकाळी मुलाला खेळाच्या सरावाला नेणं म्हणजे प्रत्येक वेळी गाडी काढणं. आधी एखादं वर्ष किनाऱ्याच्या अलीकडे भाड्याने राहून मग बेटावर जाणं मला शहाणपणाचं वाटतं.

भाड्याच्या घराला अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याएवढी घेता येते, त्याहून जास्त मागणं कायद्यात बसत नाही. गृहविमा काढाच. घरमालक तो मागतातच.

५. घर विकत घेताना

इथे थोडं थांबून वाचा, कारण भारतीय नागरिकांना लागू असलेली एक अट इस्टेट एजंटही कधी कधी सांगायला विसरतात. १ जानेवारी २०२० पासून युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या नागरिकांना फिनलंडमध्ये जमीन-मालमत्ता घ्यायची तर संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. अर्ज खरेदीआधी करता येतो, नाहीतर खरेदीनंतर दोन महिन्यांच्या आत करावाच लागतो. परवानगी मिळणं अवघड आहे असं नाही, पण शुल्क आणि वेळ दोन्ही जातं. खरेदीच्या करारात ‘परवानगी मिळाल्यास’ ही अट घालून घ्या. गृहनिर्माण कंपनीचे भाग घेऊन मिळणारा फ्लॅट किंवा जोडघर असेल तर ही परवानगी लागत नाही, कारण तिथे कागदोपत्री तुम्ही जमीन घेत नसता, कंपनीचे भाग घेता.

गावातलं स्वतंत्र घर पाहायला गेलात की विक्रेत्याला काही गोष्टी विचारा. समोरचा रस्ता खासगी आहे का? असेल तर रस्ता संघाची वर्षाची वर्गणी किती, आणि बर्फ कोण काढतं? पाणी नळाचं की विहिरीचं? सांडपाणी जाळ्याला जोडलंय की स्वतःची टाकी, आणि ती टाकी आजच्या नियमांत बसते का? तापवणी विजेवर, जमिनीतल्या उष्णतेवर की लाकडावर? मागच्या वर्षाची विजेची बिलं दाखवायला सांगा. त्यात कुणाला गैर वाटत नाही. लाकडाची शेगडी असेल तर राहत्या घरातलं धुराडं वर्षातून एकदा परवानाधारकाकडून साफ करून घ्यावं लागतं, आणि त्याची नोंद विमा कंपनी पाहते.

किनाऱ्यालगतची जागा घेणार असाल तर इथल्या भूमीबद्दल थोडं समजून घ्यायला हवं. हिमयुगात या भागावर काही किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या भाराने दबलेली जमीन बर्फ वितळल्यावर वर येऊ लागली आणि अजून येतेच आहे, वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर. समुद्रतळ उथळ आणि सपाट असल्यामुळे या द्वीपसमूहात दरवर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी पडते. २००६ साली युनेस्कोने क्वार्केन द्वीपसमूहाला जागतिक वारसा मानलं ते यासाठीच. वासा शहरालाही याचा फटका बसला होता. १६०६ साली वसवलेल्या शहराचं बंदर उथळ होत गेलं, १८५२ च्या आगीत शहर जळालं आणि नवं शहर समुद्राजवळ सरकून बांधलं गेलं.

ब्यॉर्कोबीच्या स्वेद्येहाम्न बंदरावर गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं. लाल-करड्या बोटघरांच्या रांगा उभ्या आहेत, त्यातल्या काहींच्या दारापाशी आता बोट येऊ शकेल इतकं पाणीच नाही, लव्हाळं माजलंय. शेजारच्या सॉल्टकारेट मनोऱ्यावर चढलं की पाण्यातून वर आलेल्या दगडी वरंब्यांच्या समांतर रेघा दिसतात.

खरेदीदाराच्या दृष्टीने यातली मेख अशी : तुमच्या जागेपुढे समुद्रातून वर आलेली पट्टी आपोआप तुमची होत नाही. ती त्या पाण्याच्या सामाईक मालकांची असते, म्हणजे बहुधा गावातल्या जुन्या जमीनधारकांच्या समूहाची. ‘समुद्रकाठचा प्लॉट’ म्हणून घेतलेली जागा नकाशावर समुद्रापासून तीस मीटर आत निघू शकते. भूमापन विभागाचा नकाशा मागवा, हद्दीचे खुंट प्रत्यक्ष जाऊन बघा आणि पुढची पट्टी विक्रेत्याने सोडवून घेतली आहे का ते कागदावर तपासा. नसेल तर भूमापनाच्या रीतसर प्रक्रियेने तुम्ही ती विकत घेऊ शकता, तो खर्च किमतीत धरा.

६. मुलांची बालवाडी आणि शाळा

बालवाडीसाठी अर्ज चार महिने आधी करायचा असतो. अचानक नोकरी लागली आणि सोय तातडीने हवी असेल तर पालिकेला दोन आठवड्यांचा अवधी द्यावा लागतो, पण मग हव्या त्या गावातली जागा मिळेलच असं नाही. शुल्क घरच्या उत्पन्नावर ठरतं.

सहाव्या वर्षी पूर्वप्राथमिक, सातव्या वर्षी पहिली. शिक्षण १८ वर्षांपर्यंत सक्तीचं आणि मोफत आहे, दुपारचं गरम जेवणही मोफत. शाकाहारी जेवण मिळतं, ते सुरुवातीलाच लेखी सांगा आणि अंडी-मासे चालतात की नाही हेही नेमकं लिहा.

मुख्य गोष्ट ही की पालिका द्विभाषिक असली तरी शाळा द्विभाषिक नसतात. स्वीडिश शाळा वेगळी, फिनिश शाळा वेगळी, शिक्षक आणि मुख्याध्यापकही वेगळे. स्वीडिश शाळा गावोगाव आहेत, फिनिश शाळा मोजक्या ठिकाणी. पाच किलोमीटरहून लांब राहणाऱ्या लहान विद्यार्थ्यांना शाळेची मोफत वाहतूक मिळते, पण ती तुम्हाला नेमून दिलेल्या शाळेसाठी. स्वीडिश शाळेत घातलं तर मूल फिनिशला मुकेल ही भीती अनेकांना असते. तसं होत नाही. स्वीडिश शाळांत फिनिश लहान इयत्तांपासूनच शिकवतात, आणि वासा शेजारी असल्यामुळे ती कानावर पडतेच. याउलट फिनिश शाळेत स्वीडिश साधारण सहावीला सुरू होते, आणि गावातली खेळणारी मुलं तोवर आपापले गट करून बसलेली असतात. दोन्ही भाषा याव्यात असं वाटणाऱ्या पालकाला इथे स्वीडिश शाळाच जास्त देते, असं मला वाटतं.

नव्याने आलेल्या मुलांसाठी साधारण वर्षभराचं तयारी शिक्षण असतं. मागून घ्या. पहिले काही महिने मूल वर्गात गप्प राहील. त्याने घाबरून घरी मराठी सोडून त्याच्याशी मोडकं स्वीडिश बोलू नका. शिक्षकही हेच सांगतील की घरची भाषा पक्की असलेलं मूल शाळेची भाषा नीट उचलतं. मराठीचा वर्ग शाळेत मिळायला पुरेशी मुलं लागतात, ती इथे जमणं कठीण. म्हणून वाचन-लेखन घरीच, किंवा वासातल्या दोन-चार मराठी घरांनी मिळून.

७. दवाखाना

२०२३ पासून आरोग्य आणि समाजसेवा पालिकेकडे नाहीत, त्या ऑस्टरबोटन प्रांताच्या कल्याण क्षेत्राकडे, म्हणजे या सेवा चालवणाऱ्या प्रादेशिक संस्थेकडे आहेत. त्यामुळे दवाखान्याची तक्रार पालिकेत नेऊन उपयोग नाही. जीव धोक्यात असेल तर ११२. तातडीचं पण धोक्याचं नसेल तर आधी ११६११७ वर फोन, ते कुठे जायचं सांगतात. मोठं इस्पितळ वासात आहे आणि तिथे स्वीडिश किंवा फिनिशमध्ये बोलण्याचा हक्क आहे. दोन्ही येत नसतील तर वेळ घेतानाच दुभाषा मागा. साध्या सर्दीतापाला डॉक्टर भेटत नाहीत, नर्स फोनवर सल्ला देते. आपल्याकडच्या सवयीला हे जाचतं, पण गरोदर बाई आणि लहान बाळाची इथे होणारी नियमित तपासणी फार मनापासूनची आहे.

८. गाडी आणि हिवाळा

स्मेड्सबी सोडलं तर गाडीवाचून अडतं. भारतीय परवान्यावर कायम चालवता येत नाही. ट्राफिकॉम या वाहतूक विभागाचे नियम आल्याआल्याच वाचा आणि फिनिश परवान्याच्या मागे लागा. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हवामान आणि रस्ता मागेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे आहेत. व्यवहारात ऑक्टोबरअखेरच बदलावेत, कारण पहिला निसरडा दिवस आला की टायरवाल्याकडे रांग लागते. घराच्या अंगणात इंजिन गरम ठेवणाऱ्या तारेसाठी विजेचा खांब आहे का पाहा. उणे वीसला त्याचं मोल कळतं.

सांबरापेक्षा कितीतरी थोराड असा एल्क हा प्राणी पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतो. एक गेला म्हणून वेग वाढवू नका, मागून पिल्लू असू शकतं. धडक झाली तर, जनावर जंगलात पळालं तरी, ११२ ला कळवा.

डिसेंबरच्या मध्यात दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. कोटाला, मुलांच्या दप्तराला चकाकणारी परावर्तक पट्टी लावा. गावच्या रस्त्याला दिवे नसतात, आणि अंधारात पायी चालताना ती वापरणं कायद्यानेही अपेक्षित आहे. समुद्र गोठला की सगळे बर्फावर जातात. तुम्हीही जा, पण पहिले हिवाळे स्थानिक माणसासोबतच, आणि गळ्यात बर्फाचे खिळे अडकवून. बर्फ फुटून पाण्यात पडलंच तर ते रोवून स्वतःला वर ओढता येतं. ओढ्याच्या मुखापाशी आणि पुलाखाली बर्फ पातळ असतो.

९. गावात मिसळताना

शेजारी स्वतःहून चहाला बोलावतील याची वाट पाहू नका. इथली माणसं मायाळू आहेत, पण दुसऱ्याच्या घरात न डोकावणं हा त्यांच्या लेखी आदर आहे. ओळख होते ती तल्कूला. वसंतात गावच्या सभागृहाचं अंगण साफ करायचं, पोहण्याच्या जागेचा धक्का पाण्यात सोडायचा, खेळाच्या मैदानाला रंग द्यायचा, असं काम गाव मिळून करतं. फलकावर तारीख लागते. हातमोजे घालून वेळेवर जायचं, कुणीतरी फावडं हातात देतं, दोन तासांनी कॉफी आणि भाजलेलं सॉसेज. शाकाहारी असाल तर आपली बटाट्याची भाजी न्या. दोन-तीन तल्कूनंतर रस्त्यात गाड्या थांबवून लोक बोलू लागतात.

प्रत्येक गावात युवक मंडळ, क्रीडा मंडळ, गावकी जपणारी संस्था असते. स्वीडिश भाषक फिनलंडमधली मार्था संघटना १८९९ पासूनची. तिच्या शाखा स्वयंपाक, बागकाम, अळंबी ओळखणं असलं बरंच काही शिकवतात. भाषा अर्धीमुर्धी येत असतानाच सामील व्हा, हाताने करायच्या कामात भाषा आपसूक सुटते.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी या किनाऱ्यावर गावोगाव मोठे जाळ पेटवतात. लाकडाची ती रास आणि भोवती जमलेली पोरं पाहून कोकणातल्या शिमग्याच्या होमाची आठवण होतेच. ६ नोव्हेंबर हा स्वीडिश दिवस, झेंडे लागतात. १३ डिसेंबरला लुसिया, मुली डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून गातात. तुमच्या मुलीलाही रांगेत उभं करतील.

जंगलात फिरणं, ब्लूबेरी-लिंगनबेरी आणि अळंबी तोडणं, साध्या गळाने मासे धरणं सगळ्यांना मोकळं आहे, जमीन कुणाचीही असो. कुणाच्या अंगणात शिरायचं नाही, आणि जमीनमालकाला विचारल्याशिवाय आग पेटवायची नाही. अळंबी ओळखता येईपर्यंत फळांवरच समाधान माना.

कचऱ्याचं वर्गीकरण पहिल्या दिवसापासून शिका. इथला ओला कचरा क्वेवलाक्सजवळच्या स्टोर्मोसन प्रकल्पात जातो आणि त्याचा बायोगॅस होतो. त्यावर वासाच्या बस धावतात.

१०. मत द्या

बाहेरच्या देशाच्या नागरिकालाही पालिका निवडणुकीत मत देता येतं. फिनलंडमधल्या कुठल्याही पालिकेत सलग दोन वर्षं नोंद असली की झालं. कल्याण क्षेत्राच्या निवडणुकीलाही हीच अट. उमेदवार म्हणून उभंही राहता येतं. छोट्या पालिकेत थोडक्या मतांनी फरक पडतो. मार्च २०१९ मध्ये कोर्सहोल्मचं वासात विलीनीकरण व्हावं का यावर इथे सल्लागार मतदान झालं, बहुसंख्यांनी नको म्हटलं आणि पालिका स्वतंत्र राहिली. गावातली शाळा राहावी की दोन शाळा एक कराव्यात, बस वाढवावी का, हे प्रश्न अशाच मतांवर सुटतात. मागची निवडणूक एप्रिल २०२५ मध्ये झाली, पुढची एप्रिल २०२९ मध्ये आहे. मतदानाची सूचना घरी येते, आणि ती डीव्हीव्हीत तुम्ही नोंदवलेल्या भाषेतच असते.